भांगाच्या दिवशी लागलेली शर्यत

संपादकांचं पत्र आलं. "आपल्या विजयांच्या आठवणी आमच्या दिवाळी अंकासाठी लिहून पाठवाव्यात." पत्र दोनदा वाचलं आणि हसू आलं. बिचाऱ्यांना ठाऊक नाही, की मला पगार जिंकण्याचा मिळायचा तितकाच हरण्याचाही मिळायचा. आणि आता लपवायचं कुणापासून, हरण्यात माझा हात जास्त बसला होता.

तीस सालाच्या आगेमागची आठ-नऊ वर्षं मी सायकलच्या शर्यती मारल्या. त्या काळी शर्यतवाल्यांच्या दोन जाती होत्या, हौशी आणि पगारी. हौशी म्हणजे बड्या घरचे मुलगे. त्यांना कप मिळायचे, ते कप काचेच्या कपाटात जायचे आणि कपाटाखाली त्यांचे वडील पाहुण्यांना घेऊन बसायचे. पगारी म्हणजे आम्ही. आम्हाला एखादा सायकलचा दुकानदार पोसायचा, सायकल त्याची, सदरा त्याचा, सदऱ्यावर नाव त्याचं. हौशी मंडळी तंबूत कपडे बदलायची, आम्ही तंबूच्या मागे. माझे पाय त्यांच्यापेक्षा चांगले होते, पण तंबूत जायला पाय उपयोगी पडत नाहीत.

माझ्या शेटचं नाव मगनशेट. काळबादेवीच्या बाजूला दुकान. माणूस गोल, गोड आणि भयंकर घाईचा. समोरच्या माणसाने वाक्य पुरं करायच्या आत याने उत्तर देऊन टाकलेलं असे. या घाईपायीच पुढचं सगळं रामायण घडलं, पण ते नंतर.

आधी धंदा समजावतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा थापा मारतोय. मैदानावरच्या शर्यतीची सायकल वेगळी असते. तिला ब्रेक नसतो. चाक फिरलं की पायटे, म्हणजे पेडल, फिरणार आणि पायटे फिरले की पाय फिरणार, मग तुमची इच्छा असो वा नसो. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावायचा. मला लोक विचारायचे, मग तुम्ही थांबता कसे? मी म्हणायचो, थांबायचं असतं तर बसलो कशाला असतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पुढे जाणारा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला आरामात बसतो आणि शेवटच्या शंभर हातांत बाहेर निघून पुढे जातो. हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे दोघांचीच शर्यत असली की पुढे कुणालाच जायचं नसतं. बंदूक वाजते, दोघे निघतात आणि मग हळू, आणखी हळू, आणि शेवटी दोघेही सायकलवर बसल्या बसल्या उभे राहतात. पाय टेकायचा नाही, मागे जायचं नाही, पुढच्याकडे बघत राहायचं. एकदा मी आणि एक इराणी पोरगा इतका वेळ तसे उभे राहिलो, की पुढच्या रांगेतला एक गृहस्थ चहा पिऊन परत आला आणि शेजाऱ्याला म्हणाला, यांचं भांडण मिटलं का? जोरात पळवणं कुणालाही येतं, उभं राहायला शिकायला मला दोन वर्षं लागली.

आता हरण्याविषयी. मगनशेटच्या दुकानात शर्यतीच्या सायकली घ्यायला श्रीमंतांची मुलं यायची. शेट म्हणायचे, घेण्याआधी आमच्या माणसाबरोबर दोन फेऱ्या मारून बघा. आमचा माणूस म्हणजे मी. पहिल्या वेळी मी त्या मुलाला अर्ध्या फेरीने मागे टाकला आणि शाबासकी मिळेल म्हणून शेटकडे बघत उभा राहिलो. शेट मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे परशु, गिराक जीतला तर सायकल घेणार. तू जीतला तर काय, तू घेणार?"

त्या दिवसापासून मी हरायला शिकलो. वाटतं तितकं सोपं नसतं ते. पाय ढिला सोडला तर पाचवीतलं पोरही ओळखतं. खांदे जोरात हलवायचे, तोंड उघडं टाकायचं, मान खाली घालायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं हा जीव टाकतोय. आणि जोर मात्र पायट्यावर पोचूच द्यायचा नाही. वरचं अंग पळतं, खालचं अंग चालतं. कित्येक मुलांनी माझ्यावर विजय मिळवून सायकली नेल्या. त्यांच्यातले दोघे-तिघे अजूनही भेटले की मला दया दाखवतात. मी ती घेतो. पण त्या काळी घरी परतताना कधी कधी स्वतःची लाज वाटायची, हेही लिहून ठेवतो.

रस्त्यावरच्या शर्यतीत वेगळीच गंमत. पेणच्या बाजूला एकदा मी एकटाच पुढे निघालो होतो. चौघे मागून येत होते. एका गावाच्या वेशीत शेतकऱ्यांनी मला आडवे येऊन पकडलं. उघड्या मांड्या, अंगाला घाम, मागे चार जण जीव खाऊन येताहेत, म्हणजे चोर. मी शर्यत शर्यत म्हणून ओरडतोय आणि एक आजी माझ्या सायकलचा दांडा धरून म्हणतेय, कुणाची उचललीस सांग. एवढ्यात ते चौघे आले आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेले. तेव्हा गावकरी विचारात पडले, की चोराला सोडून हे पळाले, म्हणजे खरे चोर तेच. मग अख्खं गाव त्यांच्या मागे धावलं. मी पाचवा आलो आणि बाकीचे चौघे दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी बोलत नव्हते.

तर आता मुख्य गोष्ट. माझं गाव किहीमच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. भातशेती, चार नारळ आणि गोठ्यात बैल. आमचे बाबा त्या पट्ट्यात बैलगाडीच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध. आमच्याकडे समुद्राच्या वाळूवर गाड्या पळवतात. बाबांच्या जोडीत एक चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, आणि दुसरा हरण्या. हरणासारखा उड्या मारायचा म्हणून हरण्या. मी लहान होतो तेव्हापासून सगळ्यांना वाटत होतं की बाबांच्या नंतर कासरा माझ्या हातात येणार. मी सायकल धरली. बाबांनी मला ना शिवी दिली ना मारलं. फक्त मी सुट्टीला आलो की सायकल घराच्या मागे लावायला सांगायचे, पुढच्या अंगणात नको, बैल बुजतात म्हणून. बैल मुळीच बुजत नव्हते. हरण्या तर सायकलची गादी चाटायचा.

मगनशेटना एका वर्षी सुचलं, की अलिबागकडच्या लोकांना सायकली विकाव्यात. तिकडच्या लोकांचा ग्रह असा, की सायकल म्हणजे पडायचं यंत्र. शेटना वाटलं, त्यांच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीला हरवून दाखवलं की गिऱ्हाइकं रांग लावतील. म्हणजे सायकल विरुद्ध बैलगाडी, किहीमच्या वाळूवर, एक मैल. गाडी कुणाची? तर त्या पट्ट्यातली पहिल्या नंबरची. शेटना कुणीतरी नाव सांगितलं आणि त्यांनी माणूस पाठवून होकारही मिळवला. ती गाडी माझ्या बापाची आहे हे त्यांना मी सांगितलं तेव्हा ते टाळी वाजवून हसले. म्हणाले, मग तर लोक दुप्पट येणार.

शर्यत त्यांनी रविवारी ठेवली, भर दुपारी. सकाळच्या लाँचने यायचं, शर्यत लावायची, संध्याकाळच्या लाँचने परत. मी पंचांग बघितलं. रविवारी अष्टमी. मी म्हटलं, "शेट, त्या दिवशी भांग आहे. नाही जमायचं."

इथे परगावच्या वाचकांसाठी थांबतो. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप लांबही जातं. मग खालची ओली, घट्ट वाळू मैदानासारखी उघडी पडते, गाड्या त्याच दिवसांत पळवतात. अष्टमीच्या आसपास मात्र पाण्याला जोर नसतो. धड वर येत नाही, धड आत जात नाही. याला आम्ही भांग म्हणतो. भांगाच्या ओहोटीला घट्ट वाळूची एक अरुंद पट्टी मिळते, बाकी सगळी भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत जाणारी. हे सगळं मी शेटना सांगणार होतो. पण शेटनी भांग हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकलंच नाही. म्हणाले, ते मी बघतो, तू काळजी नको करू.

आठ दिवसांनी त्यांनी छापलेली पत्रकं आमच्या बाजूच्या गावागावांत लागली. सायकल विरुद्ध बैलगाडी, अमुक वेळ, अमुक जागा. आणि खाली ठळक अक्षरांत: शर्यतीच्या दिवशी भांग सक्त मना आहे.

आमच्याकडे हसण्याचा पूर आला. थळपासून रेवसपर्यंत एकच बातमी, मुंबईच्या शेटने समुद्राला नोटीस काढली. कोळ्यांची मंडळी होडीवरून एकमेकांना ओरडून विचारायची, काय रे, शेटची परवानगी घेतली काय? कुणी म्हणे, अष्टमी आता मुंबईहून विचारून येणार. आमचे बाबा सहसा हसत नसत. त्यांनी ते पत्रक आईकडून दोनदा वाचून घेतलं आणि गोठ्यात जाऊन एकटेच हसले. आईने दारातून बघितलं म्हणून कळलं.

शनिवारीच शेट येऊन थडकले, व्यवस्था बघायला. आमच्याच घरी जेवले. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर ताक. अंगणात बैल बांधलेले होते. शेटनी नावं विचारली. आईने सांगितली. शेट हसत हसत म्हणाले, याचं नावच हरण्या, तो काय जीतणार? कुणी हसलं नाही. तरी शेट भरात होते. हात धुता धुता बाबांना म्हणाले, "तुमचा छोकरा उद्या हरला, तर मी त्याला ठेवणार नाय. बैलाला हरलेल्या माणसाच्या सायकली कोण घेणार? तुमच्याकडे पाठवून देईन, शेती करायला."

ते हे हसत बोलले, पण ते खरंच तसं करतील हे मला माहीत होतं. घाईचा माणूस, निर्णयही घाईचे. बाबांनी बादली उचलली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

मला त्या रात्री चांगली झोप लागली. भांग असो की उधाण, ती अरुंद पट्टी मला मिळाली तर मी जिंकणार होतो. मैलभर अंतर, हलकी सायकल. चाकांतली हवा थोडी कमी केली की ती ओल्या वाळूत रुतत नाहीत, ही युक्ती मी स्वतःच शोधून काढली होती. बापाला हरवायचं म्हणून मनात थोडं चावत होतं, नाही असं नाही. पण पगारी माणसाने तेवढं चावून घ्यायचं असतं.

रविवारी सकाळी आईने मला विहिरीकडे बोलावलं. घागर भरता भरता खालच्या आवाजात म्हणाली, "तुला ठाव न्हाय. तुझ्या बापानं देवलात शब्द दिलाय. बैल लोखंडाला हरलं, तर दावनीला ठेवनार न्हाय."

बाबांचा शब्द म्हणजे काय हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. एकदा रागाच्या भरात त्यांनी विडी सोडली असं म्हटलं आणि मरेपर्यंत ओढली नाही. शब्द कधी दिला म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, पत्रक लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, चार लोकांनी टोचलं म्हणून. बैल जाणार म्हणजे जाणारच होते. मी त्या दोघांना वासरं असताना खाजवलेलं. चांद्याच्या अंगावर पाय टाकून मी पडवीत झोपलोय. घागर घेऊन घरात येईपर्यंत माझं ठरलं होतं. आज हरायचं. नोकरी गेली तर गेली. हरण्याच्या कामात मुंबईत माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या मर्जीने हरणार होतो.

दुपारी किनाऱ्यावर हे एवढं माणूस. वरसोली, थळ, नवगाव, सगळीकडून लोक. समुद्राने शेटची नोटीस काही मानली नव्हती. पाणी अर्ध्यातच थांबलं होतं आणि घट्ट वाळूची पट्टी होती चार-पाच हात रुंद. एकाच जणाला पुरेल एवढी. शेट माझ्या कानाशी येऊन म्हणाले, इतका कमी समुद्र का बाहेर गेला? मी म्हटलं, भांग आहे शेट. ते रागाने म्हणाले, कोण प्यायला?

पंच म्हणून शाळेचे मास्तर होते. त्यांनी सांगितलं, बाजू निवडायचा मान गावच्या गाडीचा. मला हायसं वाटलं. बाबा घट्ट पट्टी घेणार, मी मऊ वाळूत रुतणार, माझं काम निम्मं झालं. बाबांनी पाण्याकडे बघितलं, वाळू पायाने दाबून बघितली आणि म्हणाले, मला वरची बाजू. म्हणजे भुसभुशीत. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला गर्व झालाय. मलाही तसंच वाटलं आणि थोडा रागही आला. आता मला चांगल्या रस्त्यावरून हरायचं होतं, म्हणजे काम दुप्पट.

निशाण पडलं. बैल उसळले. मी माझी कला सुरू केली. खांदे हलवले, तोंड उघडलं, मान खाली घातली. वरचं अंग पळतंय, खालचं चालतंय. पाव मैल झाला, बैल पुढे जायला हवे होते. गेले नाहीत. मी आणखी हळू झालो. बैल तरी माझ्या बरोबरीनेच. मऊ वाळूत रुततायत बिचारे, म्हणून मी आणखी ढिला पडलो. आणि तिरक्या नजरेने बघितलं.

बाबा गाडीत उभे होते. तोंडाने नुसता आरडाओरडा, हाव हाव, हाण, चल माझ्या राजा. हात वर, चाबूक हवेत. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं हा आता जीव देतो. आणि दुसऱ्या हातात कासरा असा ताणून धरलेला, की हरण्याची मान पार मागे आली होती. वरचं अंग पळत होतं, खालचं थांबलं होतं. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. मला कळलं, कारण मी तेच करून पगार घेत होतो.

मला एकदम कालची ती पाण्याची बादली आठवली. म्हाताऱ्याने माझ्या नोकरीसाठी बैल सोडले होते. मी त्याच्या बैलांसाठी नोकरी सोडली होती. आणि दोघेही मैलभर लांब किनाऱ्यावर, हजारभर लोकांसमोर, कोण आधी हरतो म्हणून झगडत होतो.

मी आणखी हळू झालो. त्यांनी कासरा आणखी ओढला. लोक सुरुवातीला ओरडत होते, मग कुजबुजायला लागले, मग गप्प झाले. एक बाई आमच्या बरोबरीने कमरेवर पोर घेऊन चालत होती आणि ती पुढे गेली. शेट वाळूत धावत होते, परशु, भाग, परशु, करत. शेवटी खुणेचे बांबू पाच-सहा हातांवर आले. चांद्या-हरण्या उभे राहिले. मीही उभा राहिलो, पाय न टेकता, मैदानावर राहायचो तसा.

मी दात आवळून हळूच म्हटलं, "बाबा, हाका ना."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू हाक."

किती वेळ गेला सांगता येत नाही. बैल कंटाळून शेपट्या हलवत होते. मुंबईच्या मैदानावर मी याहून जास्त वेळ उभा राहिलो असतो, तिथे मला कुणी हलवलं नसतं. पण इथे खाली समुद्र होता. भांगाची एक लहानशी, मेलेली लाट सरपटत आली, चाकाखालची वाळू काढून घेऊन परत गेली आणि माझा तोल गेला. मी पडू नये म्हणून पाय मारला आणि सायकल नेमकी पुढे गेली. सायकलसकट मी बांबूच्या पलीकडे तोंडावर पडलो.

मास्तरांनी निशाण टाकलं. म्हणाले, सायकल.

नाका-तोंडातली वाळू थुंकत मी उठलो, तेव्हा लोक इतके हसत होते की काहींना खाली बसावं लागलं. शेट मात्र काळेठिक्कर पडले होते. जिंकलो खरे, पण अशी शर्यत बघून सायकल कोण घेणार? आणि तिथेच चमत्कार झाला. एक भटजी, एक वैद्य आणि स्वतः पंच मास्तर, तिघेही पन्नाशीच्या पुढचे, शेटकडे आले. वैद्य म्हणाले, आम्हाला वाटायचं सायकल म्हणजे वाऱ्यासारखी सुसाट, हाडं मोडणारी. ही तर बैलगाडीपेक्षा हळू चालते. मनात आणलं तर जागच्या जागी उभीही राहते. अशी असेल तर आम्हालाही जमेल. त्या हंगामात शेटनी आमच्या बाजूला जेवढ्या सायकली विकल्या तेवढ्या त्याआधी कधीच विकल्या नव्हत्या. पुढे तर ते मला म्हणायचे, परशु, कुठल्यातरी नव्या गावाला जाऊ, आणखी एकदा तशीच हळू मार. मी नाही म्हटलं. नोकरी पक्की झाली होती, तेवढं बोलायची सोय होती.

बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बैल सोडले. पोयनाडला पालीकडचा एक शेतकरी बैल बघायला येणार होता, त्याला निरोप गेलाच होता. शब्द फिरवा म्हणून कुणी सुचवलंही नाही, मीही नाही. पंचाने सायकल म्हटलं होतं, म्हणजे बैल हरले होते. आईने दोघांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि आत निघून गेली. मी माझी रस्त्याची सायकल काढली आणि बैलांच्या मागून निघालो. का निघालो ते मला नीट सांगता येणार नाही. पोयनाडपर्यंत पुढे बाबा, मग ते दोघे, मागे मी, माणसाच्या चालीने.

पालीचा शेतकरी भला होता. शर्यतीत पळवणार नाही, नांगराला लावीन म्हणाला. बाबा म्हणाले, नांगराला चांगले आहेत, फक्त हरण्याला ओरडायचं नाही, नुसतं बोलायचं. मग त्याच्या कानामागे एकदा खाजवलं आणि मागे वळून चालायला लागले. हरण्या त्यांच्या बाजूने दोन पावलं आला. शेतकऱ्याने दावं ओढलं. मी खाली बघत राहिलो.

परतीला मी बाबांना दांड्यावर बसवलं. नको नको म्हणत बसले. सायकलवर ते पहिल्यांदाच बसत होते. दोन्ही हातांनी हँडल असं घट्ट धरलं की मला वळवता येईना, आणि पहिल्या अर्ध्या मैलात आम्ही दोनदा शेतात उतरलो. मग सरावले. त्यांचा फेटा माझ्या तोंडावर येत होता, मला पुढचं धड दिसत नव्हतं.

बराच वेळ मला एकच गोष्ट विचारायची होती. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, शेवटी विचारली. बैल एवढे जिवाचे, मग कासरा का ओढलात?

बाबा पुढे रस्त्याकडे बघत म्हणाले, "बैल काय, दुसरं आनीन मी. तुला सायकलबिगर दुसरं काय येतंय?"

मी हसलो, कारण ते अगदी खरं होतं. मग मला रडू आलं आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी जोरात पाय मारायला लागलो. त्यांनी हँडल आणखी घट्ट धरलं, पण हळू चालव म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते सोळा वर्षं जगले. दुसरे बैल त्यांनी आणले नाहीत. नांगरणीला दरवर्षी शेजाऱ्याची जोडी मागून आणायचे.